तिसरा घाव

सुकलूनं कुऱ्हाडीचा पहिला घाव अस्वलिणीच्या पाठीवर घातला, पण दाट केसांवरून पातं सरकलं. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

मोहाखाली फुलं खायला ती दोन पिलांना घेऊन आली होती. सुकलूला वाटाड्या घेऊन चांद्याहून फोटो काढायला आलेले गुणवंतराव दहा पावलं जास्तच पुढे गेले. पहिल्याच झेपेत तिनं त्यांचा उजवा गाल डोळ्यापासून हनुवटीपर्यंत सोलला. मग तिची नखं त्यांच्या अंगावरच्या कॅमेऱ्याच्या पट्ट्यात अडकली. नखं सुटेनात तशी ती पिसाळली, मागे ओढू लागली, आणि गुणवंतराव खुंटांवरून फरफटत चालले. ओढीनं पट्टा सरकून गळ्यात रुतला.

दुसऱ्या घावानं तिचा कान फाटला. रक्त सुकलूच्या तोंडावर उडालं, तरी ती ओढतच राहिली. गुणवंतरावांची जीभ बाहेर आली होती, तोंड जांभळं पडलं होतं. जीव पट्टाच घेतोय, हे सुकलूला दिसलं. तिसरा घाव त्यानं पट्ट्यावर घातला. पट्टा तुटला, पातं मात्र तिथं थांबलं नाही. ते गुणवंतरावांच्या उजव्या खांद्याच्या हाडावर वाजलं.

अस्वलीण कॅमेऱ्यासकट मागे कोलमडली. त्या डब्याला दोनदा चावली आणि तो तिथंच टाकून पिलांमागून नाल्यात उतरली.

सुकलूनं बैलबंडीत घालून त्यांना दवाखान्यात नेलं, सोबत तो कॅमेराही. "अस्वलानं खांदा हाडापर्यंत उघडला," डॉक्टर म्हणाले. दाराशी उभ्या सुकलूनं मान खाली घातली. जंगलातल्या माणसाची कुऱ्हाड चांद्याच्या माणसाच्या खांद्यात कशी गेली, हे पोलिसांना कोण समजावणार होतं?

तीन महिन्यांनी गुणवंतराव परत आले. उजवा डोळा कातडीनं मिटला होता, उजवा हात छातीच्या वर जात नव्हता. सुकलूला घेऊन ते गोंडपिपरीत पत्रू मोच्याकडे गेले.

"मागचा पट्टा कच्चा निघाला," ते पत्रूला म्हणाले. "ऐन वक्ताले तुटला, कॅमेरा फुटला. आता असा दे, का बैलानं ओढला तरी तुटू नये. अन् मानेले रुतू नये."

पत्रूनं म्हशीच्या चामड्याचा रुंद पट्टा काढला. आतून लोकरीचा मऊ नमदा लावलेला, दुहेरी शिवणीचा. गुणवंतरावांनी तो डाव्या हातानं गळ्यात घातला, मान इकडंतिकडं फिरवून पाहिली आणि समाधानानं हुंकार दिला.

"भाऊ, हा नोका घेऊ," सुकलू म्हणाला.

"काऊन?"

गुणवंतरावांनी मापासाठी आणलेलं फडकं पत्रूनं सोडलं. आत जुन्या पट्ट्याचे दोन तुकडे होते, रक्तानं कडक झालेले. दवाखान्यातून बांधून मिळालेलं ते फडकं गुणवंतरावांनी घरीही उघडलं नव्हतं. पत्रूनं तुकड्यांची टोकं उजेडात धरली, त्यांवरून अंगठा फिरवला.

"हा तुटला नाई, भाऊ. कापला हाये. एका घावात."

गुणवंतरावांचा डावा हात सावकाश उजव्या खांद्यावर गेला. गालावर चार वण होते, वेडेवाकडे. सदऱ्याखाली एकच होता, सरळ.

"कुऱ्हाड मी मारली," सुकलू म्हणाला. "पट्टा गळा दाबून राह्यला होता. खांदा वाचवता नाई आला."

"मंग दवाखान्यात काऊन नाई सांगितलं?"

"भेव वाटलं."

गुणवंतराव गळ्यातला पट्टा काढायला गेले. एका हातानं तो निघेना. सुकलूनं पुढे होऊन त्यांच्या डोक्यावरून अलगद काढला.

"तू निवड," ते म्हणाले.

सुकलूनं खुंटीवरचे सगळे पट्टे चाचपले. त्यातला बकरीच्या कातड्याचा, अरुंद, मऊ पट्टा काढून दोन्ही हातांत ताणला.

पत्रूनं नाक मुरडलं. "तो नोका नेऊ. जोराचा हिसका बसला का तुटून जाईल."

"हो," सुकलू म्हणाला.

त्यानं गुणवंतरावांकडे पाहिलं. गुणवंतरावांनी डावा खांदा त्याच्यापुढे केला.