माझ्यावरून उठलेल्या आजी

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे, आणि मित्रांनो, मला बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही. कोरियातल्या एका डोंगरी गावच्या शाळेत मी गुरुजींची खुर्ची होते. गावात मुलंच उरली नाहीत, शाळा बंद पडली आणि मला म्हाताऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत आणून टाकलं. तिथे सगळ्या आज्या खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर बसत. माझ्यावर मिरच्यांची टोपली असे.

एका वसंतात आरोग्य केंद्रातून सो-हुई नावाची व्यायाम शिकवणारी मुलगी आली. तिने टोपली उतरवली, मला पुसलं आणि बुन-रे आजींना माझ्यावर बसवलं. ऐंशी ओलांडलेल्या आजींचे दोन्ही गुडघे झिजलेले. आता त्या निवांत टेकतील, असं मला वाटलं. तोच ती पोर म्हणाली, "आता उठा. हात न टेकता."

मी हादरलेच! बसलेल्या माणसाला लगेच उठवायचं?

"अगं पोरी, डोकं ठिकाणावर आहे का?" आजी कडाडल्या. "वापरले तर उरलेसुरले गुडघेही जातील!"

"वापरले नाहीत तर आखडतील, आजी. मांडीत बळ आलं की गुडघ्यावरचा भार हलका होतो. थोडं दुखलं तर चालेल, फार दुखलं की थांबायचं."

आजी कुरकुरत तयार झाल्या, कारण त्यांच्या मुलाने, गी-चलने, बजावलं होतं: शरदातल्या सणाला मी येईन, तोवर तुला आपलं आपण उठता आलं नाही, तर शहरातल्या वृद्धाश्रमात न्यावं लागेल. आजींना आपलं घर सोडायचं नव्हतं.

सो-हुई आठवड्यातून एकदा येई. बाकीचे दिवस आज्यांनी आपापला सराव करायचा होता. उन्हाळा आला तरी बुन-रे आजींच्या पायात काही जोर येईना. एकदा सो-हुई न सांगता आली आणि दारातच थिजली. बुन-रे आजी जमिनीवर रताळं खात बसल्या होत्या. गटातली सगळ्यांत धाकटी कुम-जा, तीही सत्तरीला टेकलेली, घामाघूम होऊन माझ्यावर उठबस करत होती.

"माझी झाली," कुम-जा धापा टाकत म्हणाली. "आता ताईंच्या वाटची करतेय."

"त्यांच्या वाटची?" सो-हुईने कपाळावर हात मारला. "उद्या त्यांचं औषधही तुम्हीच पिणार का?"

"मग काय, मोठ्यांनी कष्ट करायचे आणि धाकटीनं बघत बसायचं? भांडी मी घासते, भात मी शिजवते, एवढं करायला काय झालं!"

मित्रांनो, मी सुन्न झाले. एवढी माया, आणि तीच माया आजींना वृद्धाश्रमाच्या दाराशी नेत होती! सो-हुईने तिथल्या तिथे सांगितलं, की यापुढे आजींच्या वाटचं कुणी करायचं नाही, आणि उठताना त्यांना कुणी हातही लावायचा नाही. कुम-जा त्या दिवशी रडली. पण त्या दिवसापासून बुन-रे आजी स्वतः घाम गाळू लागल्या.

सणाला गी-चल आला. आजी माझ्यावर बसल्या होत्या. "आई, थांब, मी उचलतो!" म्हणत तो धावला.

"हात लावशील तर खबरदार!" आजी गरजल्या.

त्या पुढे वाकल्या. पाय थरथरले. कुम-जाचे हात आपोआप पुढे झाले, तसे तिने ते चटकन स्वतःच्याच मांड्यांखाली दाबून धरले आणि डोळे मिटून घेतले. माझ्यावरचं ओझं हळूहळू हलकं झालं. आजी उभ्या होत्या.

गी-चल आ वासून बघतच राहिला. मग धावल्यामुळे गुडघ्यात कळ आली आणि "आई गं" म्हणत गुडघा धरून तो माझ्यावर कोसळला.

"तुलाही दुखतो?" आजी चकित झाल्या. "मग बसतोस काय? ऊठ!"

मित्रांनो, खुर्चीने असं बोलू नये, पण तरी सांगते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला उठवायला धावाल, तेव्हा जरा थांबा. शेजारी उभे राहा, पडणार नाहीत एवढं बघा, पण उठू द्या त्यांचं त्यांना. रिकामी होताना इतका आनंद होतो, हे मला या वयात कळलं.