सरकारमान्य बदक

मांडववाल्या वहिनींचा नवरा आयुष्यात एकदाच चित्र काढायला बसला, आणि त्या एका चित्रापायी पुढे एका मंत्र्याच्या तोंडचं पाणी पळालं. बिचारा ते बघायला राहिला नाही.

त्याचा धंदा मांडवाचा. बांबू, कनाती, सतरंज्या, खुर्च्या. बारा वर्षांपूर्वी नदीपलीकडचे लोक त्याच्याकडे आले. नदीपलीकडच्यांना तेव्हा वेगळं व्हायचं होतं, आजही व्हायचं आहे. अलीकडच्यांनी पाणीपट्टी वाढवली की त्यांना वेगळं व्हावंसं वाटतं, आणि कमी केली की जास्तच वाटतं. त्यांचं चिन्ह बगळा. मान ताठ, एक पाय वर. त्यांची सलामीही तशीच, भाषण संपलं की अख्खी सभा एक पाय उचलून उभी राहते. म्हाताऱ्या माणसांना शेजाऱ्याचा खांदा धरायची मुभा आहे.

तर त्यांना स्टेजच्या पाठीला लावायला मोठा बगळा हवा होता. नेहमीचा रंगारी आजारी होता. नवरा म्हणाला, "त्यात काय एवढं, मीच काढतो." तीन दिवस तो नदीकाठी बगळ्यांकडे बघत बसला. चौथ्या दिवशी फिकट निळं कापड अंगणात पसरून पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा फोडला.

आता मांडववाल्यांची एक खोड आहे. ते कापड कडेने मोजत नाहीत. आधी मधोमध खूण, मग दोन्हीकडे सारखं, नाहीतर झालर एका बाजूला लोंबते. नवऱ्याने बगळाही तसाच घेतला, पोटापासून. पोट झकास झालं, गोल, गुबगुबीत, एकेक पीस वेगळं. मग बघतो तो वर मानेला जेमतेम दीड हात जागा, आणि खाली पायाला वीतभर. मान आखूड करून वाकवावी लागली. पायाचं तर विचारूच नका.

त्याची आई दारात उभी राहून म्हणाली, "बदक छान काढलंस रे."

दुसऱ्या दिवशी पलीकडचे पुढारी आले. हे पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांनी चष्मा पुसला, कापडाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "हे बदक आहे. बदकासाठी कोणी जीव देत नाही." आणि आल्या पावली निघून गेले.

नवरा दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी जेवला, पण चित्राबद्दल पुन्हा चकार शब्द काढला नाही. चांगलं कापड वाया कशाला घालवा, म्हणून चित्राची बाजू मागे करून तो ते साध्या सभांना पडदा म्हणून लावू लागला. पुढून नुसतं निळं. चार वर्षांपूर्वी तो गेला. त्याचे शर्ट वाटून झाले, चपला झाल्या, फोटोत तर तो हसायचाच नाही. त्याच्या हातचं म्हणून वहिनींकडे एवढं एकच उरलं. कापडाची घडी करताना त्या पक्ष्याच्या पोटावरून एकदा हात फिरवत. गड्यांना वाटे, बाई सुरकुत्या काढताहेत.

मग पुलाला पन्नास वर्षं झाली. दोन्ही काठ जोडणारा पूल, तेव्हा सोहळा झालाच पाहिजे. मंत्रीसाहेब येणार. वहिनींनी नेहमीप्रमाणे स्टेजचं तोंड मावळतीकडे धरलं होतं. साहेबांचे पीए आले आणि त्यांनी अख्खं स्टेज उलटं फिरवायला लावलं.

"साहेबांच्या डोळ्यांवर ऊन येतं."

"अहो, पण मग ते पाठीमागून येईल."

"येऊ दे की. पाठीला काय डोळे असतात?"

पाठीमागच्या कापडाला दुहेरी अस्तर लावायचं, हा नवऱ्याचा नियम होता. पण अस्तरं त्या दिवशी एका लग्नात गेली होती, आणि बारा वर्षांत कधी काही झालं नाही म्हटल्यावर वहिनींनीही मनावर घेतलं नाही. माणूस नेमका अशाच वेळी गाफील असतो.

सव्वापाचला सूर्य बरोबर कापडामागे आला. निळं कापड आतून उजळलं. जुन्या ऑइलपेंटचा थर जाड, त्यातून उजेड येईना. मंत्रीसाहेब 'आपण सारे एक' या वाक्यावर होते, आणि त्यांच्या मागे, पुरुषभर उंच, एका पायावर उभा असलेला पक्षी हळूहळू उमटला.

पीएंनी पाहिलं. बगळ्यावर तर सरकारची बंदी! त्यांची पाचावर धारण बसली. त्यांनी घाईघाईने चिठ्ठी पुढे सरकवली: 'साहेब, मागे बगळा. झाका.'

साहेब मुरलेले. तीस वर्षांत त्यांनी काय काय झाकलं नव्हतं! ते भाषण न तोडता दोन पावलं मागे सरले आणि दोन्ही हात पसरून म्हणाले, "हा पूल म्हणजे हे असे दोन हात!" पोट झाकलं गेलं. पण साहेब ठेंगणे, त्यामुळे पक्ष्याचं डोकं त्यांच्या डोक्यावर तुऱ्यासारखं दिसू लागलं. त्यात त्यांच्या पायात नवे बूट. डावा सकाळपासून चावत होता. त्यांनी तो जरासा उचलला.

सभेत पलीकडचे चार-पाचशे लोक होते. सोहळ्याबद्दल त्यांना ममत्व नव्हतं, पण खुर्च्या चांगल्या होत्या. मग पहिल्या रांगेत मास्तर उठले आणि त्यांनी एक पाय वर घेतला. पाठोपाठ सगळे. म्हाताऱ्यांनी शेजाऱ्यांचे खांदे धरले. साहेबांना वाटलं, हा आपलाच सन्मान चाललाय. मान मिळत असताना पाय खाली ठेवणं बरं दिसेना, म्हणून त्यांनीही तो तसाच ठेवला. पूर्ण दोन मिनिटं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत एकच फोटो. वर मथळा: 'मंत्री एका पायावर तयार'.

साहेबांनी बूट दाखवला, पायाचा फोड दाखवला, डॉक्टरचं सर्टिफिकेट दाखवलं. कोणी ऐकेना. इकडे पोलीस वहिनींच्या गोदामातून कापड गुंडाळून घेऊन गेले. वहिनी मागोमाग चौकीत.

"कधी परत मिळेल?"

"निषिद्ध चिन्ह आहे बाई. बगळा ठरला तर जाळून नष्ट करायचा, असा कायदा आहे. दुसरं काही ठरलं तर न्या घरी."

"ठरवणार कोण?"

"समिती."

वहिनी घरी आल्या. कापड काय, बाजारात ढिगाने मिळतं. पण ते पोट, ती पिसं पुन्हा कोण काढणार होतं?

संध्याकाळी पीए आले. आज आवाजात साखर होती.

"वहिनी, समिती तुम्हाला विचारणार. चित्र तुमच्या यजमानांचं, तेव्हा तुमचा शब्द शेवटचा. नुसतं 'बदक' म्हणा. साहेबांची खुर्ची वाचेल, तुमचं कापड वाचेल."

"आणि बगळा म्हटलं तर?"

"असं अभद्र बोलू नका हो!"

ते गेल्यावर सासूबाईंनी ताट वाढलं. वहिनींनी घास मोडला आणि तसाच ठेवला.

"आई, ह्यांनी बगळा काढला होता."

"मला काय सांगतेस? मी दारातच उभी होते."

"तीन दिवस काठावर बसून काढला होता. आणि मी चारचौघांत उभी राहून बदक म्हणू? बदक म्हटल्यावर दोन दिवस जेवले नव्हते ते."

सासूबाई बराच वेळ वाटीतलं मीठ चमच्याने सारखं करत बसल्या. मग म्हणाल्या, "पहिल्यांदा कोणी म्हटलं होतं, ते विसरलीस का? मास्तर नंतर आला. मी आईच, आणि माझ्याच तोंडून निघालं. मी सहज बोलले गं. छानही म्हटलं होतं. ते त्याला ऐकूच आलं नाही."

त्या दिवशी दोघी अर्धपोटी उठल्या.

समिती नगरपालिकेच्या सभागृहात बसली. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, निम्मा वेळ डुलक्या घेणारे. कापड भिंतीवर टांगलेलं. एका अधिकाऱ्याने शिडीवर चढून पट्टीने मान मोजली. पोलिसांनी सांगितलं की निषिद्ध बगळा डावीकडे बघतो, चित्रातलाही डावीकडे बघतो, पण सभेत दिसला तो मागून दिसल्यामुळे उजवीकडे बघत होता, तेव्हा गुन्हा कापडाच्या मागच्या बाजूने घडला की पुढच्या, हे आधी ठरावं. त्यावर दीड तास गेला. मग पक्षितज्ज्ञ उठले.

"शरीर बदकाचं आहे," ते म्हणाले, "पण उभं राहण्यात बगळ्याचा हट्ट दिसतो. निसर्गात असा पक्षी नाही."

"मग जाळायचा किती?" अध्यक्षांनी जागे होऊन विचारलं. "अर्धा?"

वहिनींचं नाव पुकारलं गेलं. डावीकडे मंत्रीसाहेब पायात मऊ चपला घालून बसले होते. उजवीकडे मास्तर आणि त्यांची माणसं. एकीकडे सगळ्यांच्या ओठांवर बदक, दुसरीकडे बगळा. वहिनींना दोन्हीकडच्यांचा राग आला. ह्या माणसांपैकी एकाने तरी कधी ती पिसं मोजली होती का?

"बाई, हे काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"सांगते. पण आधी मास्तरांना एक विचारू?"

"विचारा."

"मास्तर, बारा वर्षांपूर्वी हेच कापड तुम्ही आमच्या अंगणात पाहिलंत. तेव्हा काय म्हणाला होतात?"

मास्तर चुळबुळले. "जुनी गोष्ट आहे ती."

"मला कालच्यासारखी आठवते. बदक म्हणाला होतात. आणि आज?"

मास्तरांची पंचाईत झाली. मागे त्यांची चारशे माणसं कान टवकारून बसली होती. बदक म्हणावं, तर पुलाच्या सोहळ्यात सगळे एक पाय वर करून बदकाला सलामी देत होते असं होतं.

"बगळा," मास्तर म्हणाले.

"मग तेव्हा?"

"तेव्हा चुकलो."

"नीट सांगा. ऐकू आलं नाही."

"चुकलो म्हणतोय ना! माझा चष्मा जुना होता. बगळाच आहे. उत्तम बगळा आहे. पिसांचं काम तर... असं मी वर्गात कधी कोणाला शिकवू शकलो नाही."

शेवटचं वाक्य बहुधा खरं होतं, कारण ते बोलताना मास्तर आपल्या माणसांकडे नव्हे, कापडाकडे बघत होते.

"हे लिहून घेतलंत का?" वहिनींनी कारकुनाला विचारलं. "'उत्तम' पण लिहा."

कारकुनाने लिहिलं. वहिनींनी पदराने डोळे टिपले. मग त्या अध्यक्षांकडे वळल्या, आणि नवऱ्याची मनातल्या मनात माफी मागून म्हणाल्या, "बदक आहे, साहेब."

बदक ठरलं. मंत्रीसाहेबांनी सुटकेचा एवढा मोठा निःश्वास टाकला की अध्यक्ष पुन्हा जागे झाले. आठवड्याने कापड घरी आलं. खालच्या कोपऱ्यात गोल शिक्का: 'तपासले. बदक.' सोबत प्रमाणपत्र, तीन सह्यांचं: सदर बदक कोणत्याही सार्वजनिक समारंभात लावण्यास शासनाची हरकत नाही.

वहिनींनी ते दोनदा वाचलं. मग सासूबाईंना वाचून दाखवलं.

"कोणत्याही?" सासूबाईंनी विचारलं.

"कोणत्याही."

पुढच्याच महिन्यात नव्या ग्रंथालयाचं उद्घाटन होतं. पाहुणे तेच मंत्रीसाहेब. वहिनींनी कापड घेतलं आणि बारा वर्षांत पहिल्यांदा चित्राची बाजू पुढे करून लावलं, मधोमध खूण धरून, झालर दोन्हीकडे सारखी. पीए धावत आले. वहिनींनी प्रमाणपत्र पुढे केलं. पीएंनी ते साहेबांना दाखवलं. काढायला लावावं, तर आपल्यालाच तो बगळा वाटतो असा अर्थ निघणार. साहेब हसत हसत चित्रासमोर जाऊन उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "वा! काय सुरेख बदक!" पलीकडची माणसंही आली होती. ती चित्राकडे बघून गुपचूप खुर्चीतल्या खुर्चीत एक पाय उचलून बसली होती. बसल्या माणसाने पाय उचलला तर कायद्याला काही म्हणता येत नाही.

भाषण चालू झालं. वहिनी कनातीची दोरी धरून कडेला उभ्या होत्या, सासूबाई पहिल्या रांगेत. त्यांच्या शेजारी एका बाईच्या मांडीवर तीन-चार वर्षांची मुलगी चुळबुळत होती. तिने स्टेजकडे बोट दाखवलं.

"आई, बगळा!"

"श्श! बदक आहे ते. साहेबांनी सांगितलं ना?"

"नाही. बगळा. एक पाय आहे त्याला."

आईने तिचं बोट खाली ओढलं. सासूबाईंनी ते पुन्हा वर केलं.

"दाखवू दे गं तिला," त्या म्हणाल्या, साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात. "माझ्या मुलाने काढलाय तो."

वहिनींच्या हातातली दोरी सुटली. कनात एका बाजूने खाली आली, पण तिकडे कोणी पाहिलं नाही. घरी गेल्यावर सासूबाईंनी दोघींची ताटं वाढली, आणि दोघी पोटभर जेवल्या.