तेल ओतण्याआधी

भय्याजींनी स्टोव्हवर जवसाचं तेल तापत ठेवलं आणि देवीदास हातातलं काम सोडून बघू लागला.

सेक्टर दोनमधल्या भय्याजींच्या क्वार्टरमागं टिनाच्या शेडात विमानाचा सांगाडा उभा होता. खरं विमान, बरं का! हवाई दलाच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले भय्याजी दोन वर्षं स्टीलच्या नळ्या जोडून ते बांधत होते आणि उडवणारही तेच होते. देवीदास कारखान्याच्या बांधकामावरचा वेल्डर. अंगठ्याएवढ्या जाड प्लेटा जोडणारा गडी, पण या नळ्यांचा पत्रा म्हणजे नखाहून जरा जाड. गॅसची ज्योत क्षणभर रेंगाळली की पडलंच भोक. आठ महिने भय्याजींनी रोज संध्याकाळी शिकवलं, तेव्हा कुठं ज्योत त्याचं ऐकायला लागली.

आणि गुरुवारी चाकाच्या जोडाला त्यानं भोक पाडलं. भय्याजी बाजारात गेले होते. लाजेपायी त्यानं घाईघाईत वरून सळई वितळवून भोक बुजवलं, कानशीनं घासलं, तांबडा रंग फासला. धातू आतून मिसळला नाही हे त्याला तेव्हाच कळलं होतं. परत आल्यावर भय्याजींनी त्या जोडावरून बोट फिरवलं. म्हणाले, “असा हात मले दहा वर्षांत जमला नाही, लेका.” त्या शाबासकीनं बिचाऱ्याची तीन दिवस झोप उडाली.

“हे तेल कावून, भय्याजी?”

“आतून गंज लागू नये म्हणून. साऱ्या नळ्यांतून फिरवाचं.”

“मंग पुन्हा वेल्डिंग कराचं झालं तर?”

“आता कायचं वेल्डिंग? आत तेल अन् बाहेरून ज्योत, पेटनच ना. आज ज्योत बंद ते बंद.”

भय्याजींनी तेलाची किटली उचलली, तेल ओतायला नळीत ठेवलेल्या भोकाशी नेली. बोलावं, तर भय्याजी पुन्हा ज्योत हाती देणार नाहीत. गप्प राहावं, तर हा माणूस विमान घेऊन त्याच जोडावर उतरणार. किटली कलली, आणि देवीदासनं भोकावर तळहात ठेवला. तापलेलं तेल हातावर पडलं.

“पागल झाला काय बे?”

“चाकाचा जोड कच्चा हाय, भय्याजी. मीनंच लपवला.”

भय्याजींनी आधी त्याचा हात पाण्याच्या बादलीत बुडवला. मग करवत घेऊन जोड स्वतः कापला. वरचा धातू नुसता चिकटलेला होता, खपलीसारखा निघून त्यांच्या तळहातावर पडला. त्यांनी तो बोटांत धरून उजेडात फिरवला. त्यांचा चेहरा उतरला होता.

“याच्यावर मी उतरणार होतो,” ते म्हणाले.

देवीदासला रडू आवरेना. “उद्यापासून मी येत नाही, भय्याजी.”

“मंग हा जोड कोण लावन?” भय्याजींनी त्याचा हात बादलीतून काढून पाहिला. फोड आले होते. “महिनाभर तरी लागन हाताले. तवर थांबू.”

आणि त्यांनी स्टोव्ह विझवला.