अळणी नवस

सणसरच्या गोजरबाईला कीर्तनाचं असं वेड, की सप्त्यात बुवा उभे राहायच्या आधी ही पुढं जाऊन बसलेली, आणि मांडीवर भाची मनिषा. पोर आठ वर्षांची झाली तरी मांडी काही सुटली नव्हती.

"आक्का, तिला पाय दिल्यात देवानं," भाऊ जोतीराम चिडवायचा.

"तू तुझा ऊस सांभाळ. हिला मी सांभाळती."

नवरा गेल्यावर माहेरी आलेल्या गोजरबाईचा जीव या एका लेकरात गुंतला होता. भावजय सिंधुबाईनं पोटची पोर आनंदानं नणंदेच्या पदरात टाकलेली.

त्या वर्षी मात्र पोर सुकत चालली. खेळायला गेली की बांधावर बसून राहायची. रंग काळवंडला, बोटांची पेरं आणि हिरड्यासुद्धा काळ्या पडल्या. तोंडात पांढरा थर यायचा, तो तर पाळण्यातल्यापासूनचा. आणि खोड एकच, मीठ! लोकांची पोरं साखर चोरतात, ही मिठाच्या बरणीत हात घालायची. भाकरीवर मीठ, ताकात मीठ, काही नसलं तर तळहातावर घेऊन चाटायची.

"मिठानं रक्ताचं पाणी झालंय पोरीच्या," सगळ्या आळीनं निदान करून टाकलं.

गोजरबाईला ते पटलं. देवानं विदुराघरच्या कण्या खाल्ल्या, त्यात मीठ होतं का, असं बुवांनी एकदा कीर्तनात हसत हसत विचारलं होतं. ते तिच्या मनात रुतून बसलेलं. तिनं विठोबापुढं पदर पसरला, "पांडुरंगा, पोर बरी होईस्तवर तिच्या तोंडाला मिठाचा कण लागू देणार न्हाय."

बरणी फडताळात गेली आणि फडताळाला कुलूप लागलं. मनिषा रडली, रुसली, मग रडायचं त्राणही राहिलं नाही. त्याला गोजरबाई गुण आला म्हणायची.

काल्याच्या दिवशी बुवांनी हंडी फोडली, लाह्या उधळल्या, आणि मनिषा आत्याच्या मांडीवरच ओकली नि मान टाकून पडली. हातपाय गार. कुणाच्या तरी व्हॅनमध्ये घालून तिला बारामतीला नेलं. लेकरांच्या डॉक्टरीणबाईंनी बघता बघता शिरेत सलाईन लावलं, एक इंजेक्शन दिलं. दिवस कलायच्या आत पोरीनं डोळे उघडले.

गोजरबाईनं हात जोडले. "बाई, ह्या बाटलीत कसलं औषध म्हनायचं?"

"औषध कसलं मावशी, साखर-मिठाचं पाणी. तिच्या अंगातलं मीठ पार उतरलं होतं."

गोजरबाई खाटेच्या कडेला टेकली. लुगड्याचा पदर तोंडात कोंबून म्हणाली, "मीच बंद केलं वो तिचं मीठ. नवस होता."

डॉक्टरीणबाई रागावतील असं तिला वाटलं. त्यांनी स्टूल ओढलं आणि शेजारी बसल्या. पुण्याहून रक्ताचा रिपोर्ट आल्यावर त्यांनी सगळ्यांना नीट समजावलं. मूत्रपिंडांवर दोन छोट्या ग्रंथी असतात. त्यांच्या रसावर अंगातलं मीठ टिकतं, माणसाला जोर राहतो. "रोगाशी लढायला आपल्या अंगात राखणदार असतात ना? हिचे राखणदारच त्या ग्रंथींवर उलटलेत. उसाला राखणदार ठेवावा आणि त्यानंच फड कापावा, तसं. तोंडातला तो पांढरा थरही त्यातलाच. लाखांत एखाद्या लेकराला होतं. मीठ खाऊन नाही झालं. झालं म्हणून ती मीठ मागत होती."

"मग बरी कवा हुईल?" जोतीरामनं विचारलं.

"गोळी जन्मभर घ्यायची. चुकवायची नाही. ताप आला, उलट्या झाल्या, तर गोळी वाढवायची आणि तडक इकडं यायचं. आणि मिठाला अडवायचं नाही."

जन्मभर! गोजरबाई मनाशी हिशेब मांडू लागली. नवस तर बरी होईस्तवरचा. पाळावा तर पोर जाते, मोडावा तर देव कोपतो, आणि देव कोपला तर पुन्हा पोरच जाते.

सिंधुबाईनं डब्यातून आमटी-भात आणला, वर कागदाच्या पुडीत मीठ. "वन्सं, तुमीच भरवा." गोजरबाईनं पुडी उघडली, पण मीठ घ्यायला हात पुढं होईना.

मनिषा उशीवरून बघत होती. "आत्या, देवाला शबूद तू दिला, अन् उपाशी मी व्हय?"

शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा हसली. गोजरबाईला हसू आणि रडू एकदमच फुटलं. तिनं चिमूटभर मीठ भातावर टाकलं, कालवलं, घास पोरीच्या तोंडात दिला आणि खिडकीकडं बघून म्हणाली, "इठ्ठला, बोलली मी, तवा फेडीन बी मीच. आजपासनं मीठ मी सोडलं."

आणि सोडलंच. वर्षभर तिचं ताट अळणी राहिलं. स्वतः चव घेत नसल्यानं आमटी कधी खारट, कधी फुळकवणी व्हायची, आणि जोतीराम म्हणायचा, "नवस आक्काचा, परसाद समद्यांला!"

पुढच्या सप्त्यात बुवा जेवायला आले. गोजरबाईला वेगळ्या भांड्यातलं वरण वाढलेलं बघून त्यांनी विचारलं, तेव्हा सिंधुबाईनं सारी हकीकत सांगितली. अंगणात मनिषा शेळीच्या करडामागं धावत होती, ओरडून घर डोक्यावर घेतलेलं.

"पोर बरी होईस्तवर म्हनला होता ना?" बुवा म्हणाले. "मग ही बरी न्हाय का?"

"गोळी हाय की रोजची, महाराज."

बुवांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मला ह्याच्याबिगर पोथीतलं अक्षर दिसत न्हाय. मग मी आंधळा का?"

गोजरबाईनं अंगणात धावणाऱ्या पोरीकडं बघितलं. मग ताट पुढं सरकवून तिनं हाक मारली, "मने, ये गं. मीठ वाढ मला."

मनिषा धापा टाकत आली आणि बरणीत हात घालून मूठभर मीठ आत्याच्या वरणात टाकलं.

"अगं भवाने, चिमूट! येवढं तुलाच लागतं!"