किलोमीटर एकतीसची बारावी नोंद

दिनांक २१ ऑगस्ट १९८८, रविवार, सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. साक्रीच्या बाजूला जाणाऱ्या रस्त्यावर, लोणशेवडीच्या थांब्यापाशी, एकतिसाव्या किलोमीटरच्या दगडापुढे बारावा अपघात झाला.

मोटारसायकल चालवणारा वना जळगावच्या एका तेलगिरणीत फिटर होता. घरी कानबाई, खानदेशची श्रावणातली देवी, बसणार म्हणून तो पहाटे पाचला निघाला होता. मागे त्याची बायको प्रमिलाबाई एका बाजूला पाय सोडून बसली होती, मांडीवर ओटीच्या सामानाची पिशवी होती. रस्ता पावसाने ओला, काळाभोर. थांब्यापाशी गाडी एकाएकी उडाली. वना वीसेक हात पुढे जाऊन कसाबसा सावरला आणि मागे वळून पाहतो तो पाठीमागची जागा रिकामी. प्रमिलाबाईंचा धुळ्याला नेताना वाटेतच प्राण गेला.

हा रस्ता ज्याच्या ताब्यात होता तो कनिष्ठ अभियंता भाईदास देवरे त्या वेळी धुळ्यात, देवपूरच्या आपल्या घरी, सोवळ्याने कानबाईच्या आरतीला उभा होता. दुपारी रस्तादुरुस्तीच्या गँगचा मुकादम लोटन सायकल बाहेर टाकून दारात आला. एरवी उंबऱ्यावरूनच चेष्टा सुरू करणारा माणूस, पण त्या दिवशी चपला हातात धरून उभा राहिला.

"नाना, आपल्या उंचवट्यावर एक बाई गेली."

"आपल्या" हा शब्द भाईदासला टाचणीसारखा टोचला. लोटनने मुद्दाम म्हटले नव्हते. पण खरे तेच होते.

भाईदास तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन खात्यात लागला त्याला तीस वर्षे झाली होती. मोजल्याशिवाय बोलायचे नाही आणि लिहिल्याशिवाय मोजायचे नाही, ही त्याची रीत. निळ्या कापडी पुठ्ठ्याच्या वहीत तो आपल्या रस्त्यावरचे अपघात स्वतःहून नोंदत असे. तारीख, वेळ, किलोमीटर, वाहन, जखमी, मृत, आणि शेवटचा रकाना कारणाचा. असे करायला त्याला कोणी सांगितले नव्हते. त्या वहीनेच त्याला दाखवून दिले की, इतर ठिकाणचे अपघात विखुरलेले आहेत, पण किलोमीटर एकतीसला तीन वर्षांत अकरा अपघात आणि चार मृत्यू आहेत. चौथा मृत्यू थांब्यावर चहाची टपरी चालवणाऱ्या भागाबाईच्या मुलाचा होता. ट्रक उताराने भरधाव यायचे, आणि उताराच्या तोंडाशीच एसटीतून माणसे उतरायची.

आलेखाच्या कागदावर लाल पेन्सिलीने रेघ काढून त्याने वर प्रस्ताव पाठवला. उत्तर आले की, या वर्गाच्या रस्त्यावर गतिरोधक बसत नाही. त्याने दुसऱ्यांदा लिहिले. दुसऱ्यांदा उत्तरच आले नाही.

मग ११ फेब्रुवारी १९८८ च्या गुरुवारी, खड्डे बुजवून उरलेली खडी आणि डांबर यांतून त्याने लोटनकडून तो उंचवटा करून घेतला. गावातल्या बायका पाट्या उचलू लागल्या. नियमाप्रमाणे गतिरोधक रुंद आणि पसरट हवा, साडेतीन मीटरचा, चाक हलकेच चढून उतरेल असा. माल होता जेमतेम ऐंशी सेंटिमीटर रुंदीपुरता.

"नाना, हा तर म्हशीच्या पाठीसारखा झाला," लोटन हसून म्हणाला. "ट्रकवाला आपटला की तुमच्या सात पिढ्या आठवेल."

"आठवू दे. थोडा चढवच अजून. तेवढ्याशिवाय हे लोक ऐकायचे नाहीत."

संध्याकाळी त्याने सवयीने टेप लावला. उंची सतरा सेंटिमीटर. नियमात दहा. आकडा त्याने खिशातल्या मोजमापाच्या डायरीत पेन्सिलीने लिहिला आणि डायरी मिटली. लिहिलेले कोणाला दाखवायचे नाही असे त्याने आयुष्यात पहिल्यांदा ठरवले.

आणि उंचवट्याने काम केले, हेच तर अवघड. त्यानंतरचे एकशे एक्क्याण्णव दिवस त्या जागी एकही अपघात झाला नाही. भाईदास दर शनिवारी वहीत शून्य लिहायचा आणि त्या शून्याकडे पोटच्या पोराकडे पाहावे तसे पाहायचा.

आता लोटन दारात उभा असताना त्याला आठवली ती मृत बाई नव्हे, कारण तिला त्याने पाहिलेही नव्हते. त्याला आठवल्या चुन्याच्या दोन बादल्या.

दहाच दिवसांपूर्वीची गोष्ट. कानबाई यायच्या आधी खानदेशात घर पोतायचे, म्हणजे चुन्याने रंगवायचे, ही रीत. भागाबाईने टपरीमागची आपली खोली पोतली होती. रस्त्याची पाहणी करत भाईदास तिथे चहाला थांबला तेव्हा ती हात पुसत पुढे आली.

"नाना, दोन बालदी चुना उरेल शे. तुमना त्या उंचवट्यावर चार पट्टा वढी टाकू का? पानीमा तो दिखत नही. परवा मास्तरनी सायकल बी आदळी."

"नको अक्का."

"काबरं? चुना मना, हात बी मना. तुमनं काय जास?"

"पट्टे मारले की लांबून दिसेल. वरचे साहेब जीपने जातात या रस्त्याने. दिसला की विचारतील, कोणी केला, कोणाच्या मंजुरीने."

"दिखाकरताच तं वढतस ना, नाना!"

टपरीवरची दोन माणसे हसली. भाईदासही हसला. "थोडं थांबा, मंजुरी आणतो, मग पक्का पांढरा रंगच देऊ," असे म्हणून त्याने कप खाली ठेवला. मंजुरी येणार नाही हे त्याला ठाऊक होते. भागाबाईने तो चुना शेजारणीच्या गोठ्याला दिला.

सोमवारी सकाळी सातला भाईदास गँग घेऊन थांब्यावर पोचला. कोणाचा हुकूम नव्हता. पंचनामा आदल्या दिवशी भर पावसात, टपरीच्या आडोशाला बसून झाला होता आणि त्यात "डांबरी रस्ता, ओला" एवढेच होते. मोजमापाचा नकाशा नंतर बांधकाम खात्याकडून मागवायचा, असा शेरा होता. भाईदासने कुदळीकडे बोट केले.

"हा पुन्हा कोणाचा जीव घेईल. काढा."

लोटन जागचा हलला नाही. "नाना, रंग मारला तरी भागेल. काढायचाच कशाला?"

"काढा म्हटलं ना."

नवाच्या आत रस्ता सपाट झाला. खडी चारीत गेली. भागाबाई टपरीच्या दारात उभी होती. तिने चहा विचारला नाही.

"अक्का, कोणी विचारलं तर गावातलं कोणी काही बोलू नका," भाईदास खालच्या आवाजात म्हणाला. "पाट्या तुम्हीही उचलल्यात. उगाच सगळे गोत्यात याल. मी पक्का गतिरोधक मंजूर करून आणतो."

"मना पोऱ्या गया तव्हय तुमनाकडे कागद नव्हता," ती म्हणाली. "आते दुसरानी पोर गयी, तं तुमले कागदनं भ्याव शे. जा नाना. आम्ही काय बोलसूत? तुम्हीन साहेब शेतस."

१ सप्टेंबरला भाईदासने नकाशा काढला. एकास दोनशे प्रमाण, उत्तर दिशेचा बाण, थांबा, टपरी, कडुनिंबाची दोन झाडे, रस्त्याची रुंदी सेंटिमीटरपर्यंत. त्यातली एकही रेघ चुकीची नव्हती. खाली त्याने सही केली. इतका नेटका आणि इतका खोटा कागद त्याने तीस वर्षांत केला नव्हता. निळ्या वहीत मात्र काही लिहिले नाही. अकराव्या नोंदीखाली शून्यांची रांग तशीच राहिली.

पुढच्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी वना त्याच्या घरी आला. पत्ता त्याने खात्याच्या शिपायाकडून मिळवला होता. तिशीचा, खांदे पडलेला माणूस. भाईदासच्या बायकोने, यशोदाबाईंनी, पाणी दिले ते त्याने दोन्ही हातांनी घेतले आणि न पिताच खाली ठेवले. मग पिशवीतून नकाशाची नक्कल काढून त्याने जमिनीवर पसरली.

"नाना, हा तुम्हीच काढला ना? सही वाचली. मी फिटर आहे, नकाशा कळतो मला. फार साफ काढलाय."

"हो. मीच."

"यात रस्ता सपाट आहे."

भाईदासने नकाशाचा दुमडलेला कोपरा बोटाने सपाट केला.

"माझ्या डोक्यात बसलंय की गाडी उडाली. खालून कोणी लाथ मारावी तशी. पण दिवाळीला गेलो तेव्हा तिथे काही नव्हतं, आणि या नकाशातही काही नाही. गावात विचारलं तर कोणी डोळ्याला डोळा देत नाही. मेव्हणा म्हणतो, तुले डुलकी लागनी व्हती, पहाटना उठेल व्हतास. पंधरा वर्षं गाडी चालवतोय नाना, कधी डुलकी लागली नाही. पण लागली असेल. माणसाला आपली डुलकी कशी कळणार?" त्याने नकाशावरून बोट फिरवले, थांब्यापाशी आणून ठेवले. "तुम्ही शिकलेले. एवढंच सांगा, सपाट रस्त्यावर गाडी उडते का?"

"नाही," भाईदास म्हणाला. "सपाट रस्त्यावर उडत नाही."

वनाने मान हलवली. अवघड हिशेब शेवटी सुटावा तसा त्याचा चेहरा झाला. "मग मीच. पोलिसांनी केस माझ्यावरच घातलीय, वकील म्हणतात कबूल केलंस तर शिक्षा कमी होईल. एप्रिलमध्ये तारीख आहे. करून टाकतो कबूल. पोरगी सात वर्षांची आहे, तिला निदान एक काहीतरी सांगता येईल."

नकाशाची घडी घालून तो उठला. यशोदाबाई आत गेल्या होत्या. भाईदासच्या तोंडाशी सतरा हा आकडा आला आणि दातांवर अडला. पेन्शनला पाच वर्षे उरली होती. वना चपला घालत असताना तो एवढेच बोलू शकला,

"कबूल करू नका. नकाशाच्या साक्षीला मला बोलावणं आहे. तोवर थांबा."

"कशासाठी, नाना?"

"थांबा एवढंच म्हणतो."

त्या दिवसापासून एप्रिलपर्यंत भाईदासने तीनदा राजीनाम्याचा मसुदा केला आणि तीनदा फाडला. मनातल्या मनात तो एक गणित पुन्हापुन्हा मांडायचा. उंचवटा नसता तर सहा महिन्यांत आणखी किती गेले असते? एक? दोन? आलेख त्याच्या बाजूने होता. पण हिशेब संपत आला की प्रत्येक वेळी चुन्याच्या दोन बादल्या मध्ये येत. उंचवटा त्याने लोकांसाठी केला होता, हे खरे. पट्टे मात्र त्याने स्वतःसाठी मारू दिले नव्हते. आणि प्रमिलाबाई गेली होती ती पट्ट्यांवाचून.

१८ एप्रिल १९८९ रोजी, मंगळवारी, तो तालुक्याच्या कोर्टात पिंजऱ्यात उभा राहिला. कोटाच्या खिशात मोजमापाची डायरी होती. सरकारी वकिलांना त्याच्याकडून एकच वाक्य हवे होते.

"हा नकाशा तुम्ही काढला. तो बरोबर आहे?"

"१ सप्टेंबरला बरोबर होता," भाईदास म्हणाला. "२१ ऑगस्टला नव्हता."

वकिलांनी चष्मा वर केला. "म्हणजे?"

"अपघाताच्या दिवशी त्या जागी गतिरोधक होता. उंची सतरा सेंटिमीटर, रुंदी ऐंशी. पट्टे नाहीत, फलक नाही, मंजुरी नाही. मी बांधला. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच काढला. हे बांधला त्या दिवसाचं मोजमाप."

त्याने डायरी पुढे केली. न्यायाधीशांनी पान पाहिले, तारीख पाहिली. "हे तुम्ही आधी का सांगितलं नाही?"

"भीती वाटली, साहेब."

"गतिरोधकाला निदान चुना तरी मारायचा होता!"

"एका बाईने मारते म्हटलं होतं. मी नको म्हणालो."

कोर्टात मागच्या बाकावर लोटन बसला होता, त्याच्या शेजारी भागाबाई. दोघांना साक्षीला कोणी बोलावले नव्हते. भागाबाई आपणहून उठून उभी राहिली. "साहेब, तो खरं सांगी ऱ्हायना. मी तठेच व्हतू." शिपायाने तिला खाली बसवले, पण वनाच्या वकिलांनी तिचे नाव लिहून घेतले.

बाहेर व्हरांड्यात वना भिंतीला टेकून उभा होता. भाईदास जवळ जाऊन थांबला.

"आठ महिने," वना हळू आवाजात म्हणाला, "आठ महिने मी पोरीला सांगत होतो, तुझी आई माझ्या डुलकीने गेली. ती माझ्याजवळ निजत नाही आता." त्याने भाईदासकडे पाहिले. डोळ्यांत राग शोधूनही सापडेना, आणि भाईदासला तो सापडला असता तर बरे वाटले असते. "तिला आता काय सांगू, ते तरी सांगा नाना."



जूनमध्ये वना निर्दोष सुटला. भाईदासला निलंबित करण्यात आले आणि चौकशीनंतर त्याची पदोन्नती कायमची गेली. त्याच चौकशीच्या कागदांमुळे वरून माणसे आली, जागा मोजली, आणि १९९० च्या जानेवारीत किलोमीटर एकतीसला साडेतीन मीटर रुंदीचा, दहा सेंटिमीटर उंचीचा मंजूर गतिरोधक झाला. दोन्ही बाजूंना फलक लागले. पांढऱ्या रंगाचा पहिला पट्टा लोटनने भागाबाईकडून मारून घेतला, असे भाईदासच्या कानावर आले. तो तिकडे गेला नाही.

कोर्टातून घरी आला त्या दुपारी मात्र त्याने निळी वही काढली होती. अकराव्या नोंदीखालची शून्ये त्याने तांबड्या शाईने एकेक करून खोडली. मग बारावी ओळ भरली. २१ ऑगस्ट १९८८. सकाळी ९.४०. किलोमीटर ३१. मोटारसायकल. मृत एक, प्रमिलाबाई. यापूर्वीच्या चारांपैकी एकाचेही नाव वहीत नव्हते, तसा रकानाच नव्हता. कारणाच्या रकान्यात त्याने आधी "गतिरोधक" लिहिले, थांबला, ते खोडून स्वतःचे नाव लिहिले. खाली पट्टीने रेघ ओढून बेरीज केली.

अपघात बारा. मृत पाच.