बायनाबाईच्या घाण्याची परवानगी

घाटनांदूरच्या देशमुखांकडं गहिनीनाथला मागितल्या मागितल्या परवानगी मिळाली, आणि तिथंच त्याचं चुकलं.

गहिनीनाथ मूळचा बीडचा. पुण्याच्या एका चित्रपट कंपनीत काही वर्षं काढून, हातानं फिरवायचा जुना कॅमेरा घेऊन तो परतला होता. आता त्याला स्वतःच्या जिवावर मूकपट काढायचा होता. तेल गाळून पोट भरणाऱ्या एका विधवेची गोष्ट. निजामाच्या मुलखात असल्या कामाला आधी मोठ्यांची इजाजत घ्यावी, असं सगळ्यांनी सांगितलं, म्हणून तो सुंदरराव देशमुखांकडं गेला.

"काढ की," सुंदरराव म्हणाले. "विधवा बायनाबाईचा घाणा हाय गावात. आमी सांगितलंय म्हण. फक्त चित्राच्या सुरुवातीला नाव आमचं पाहिजे. देशमुखांच्या कृपेनं."

दुसऱ्या सकाळी तो कॅमेरा घेऊन घाण्यावर गेला. बायनाबाई करडई गाळत होती.

"देशमुखांनी परवानगी दिलीय," तो म्हणाला. "इथं चित्र घ्यायची."

तिनं बैल थांबवला. "घाणा कुणाचा?"

"तुमचा."

"मंग परवानगी त्यांनी कावून दिली? त्यांच्याच वाड्यात जा आन् त्यांचं चित्र काढ."

सुंदररावांना हे कळलं तेव्हा ते हसले. "माणसं देतो बरोबर. बाईला धरून बाजूला बसवतील." गहिनीनाथ उठला. विधवेच्या हिमतीची गोष्ट सांगायची आणि तिलाच धरून बसवायचं, हे त्याच्या घशाखाली उतरेना. तो कॅमेरा न घेताच घाण्यावर गेला.

"बाई, परवानगी तुमच्याकडं मागायला आलोय. न्हाई म्हणालात तर जातो."

बायनाबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "नाव कुणाचं लागणार?"

"तुमचं."

"मंग ये. पण घाणा मीच हाकणार. तोंडाला रंग फासलेली बाई माझ्या बैलाला हात लावणार न्हाई."

गावात बातमी फुटायला वेळ लागला नाही. चित्रीकरणाच्या दिवशी देशमुखांची माणसं काठ्या आडव्या धरून बायनाबाईच्या दारात बसली. कॅमेरा आत जाणार नाही, म्हणाली. गहिनीनाथ गल्लीत उभा राहिला. बायनाबाई दारात आली, तिनं काठ्यांकडं पाहिलं आणि ती आत गेली. थोड्या वेळानं मागून कुदळीचे घाव ऐकू आले.

घाण्यामागची मातीची भिंत मुंजाजी धनगराच्या मेंढवाड्याला लागून होती.

"मुंजाजी, मेंढरं सरकव!" ती ओरडली. "भिंत पाडतेय!"

"पाड!" पलीकडून मुंजाजी म्हणाला. "मेंढवाडा माझा हाय. त्या पोराला इकडून येऊ दे. मी देतो परवानगी!"

भिंत कोसळली. धूळ बसली तशी अंधाऱ्या घाण्यावर लख्ख ऊन पडलं. गहिनीनाथ मेंढरांमधून वाट काढत आला, त्यानं कॅमेऱ्याचं तीन पायांचं तिकाटणं रोवलं आणि कॅमेरा फिरवायला लागला. बैल चालू लागला, घाणा करकरला, तेलाची धार लागली.

तेवढ्यात पुढच्या दारातून सुंदरराव स्वतः आले. "बंद कर बे ते!"

गहिनीनाथचा हात अडखळला. बायनाबाईनं मात्र बैल थांबवला नाही.

"तू फिरीव," ती त्याला म्हणाली. मग सुंदररावांकडं वळली. "देशमुख, तुमी चित्रात आलाव. यायचं असंल तर मला विचारायचं. न्हाईतर बाजूला व्हा."

पडलेल्या भिंतीवर मुंजाजीच्या घरची माणसं उभी होती. त्यातलं कुणीतरी फिस्सकन हसलं. सुंदररावांनी कॅमेऱ्याच्या काचेकडं पाहिलं, धोतराचा सोगा सावरला आणि ते मागं सरकले.

या अपमानाचा राग त्यांनी पुढं काढला. बायनाबाईकडं कुणी करडई-तिळाचं गळीत न्यायचं नाही, असा हुकूम सुटला. पुष्कळ दिवस बैल नुसता रवंथ करत उभा होता. मग एका दुपारी गावातली छबुबाई तिळाचं टोपलं डोक्यावर घेऊन मेंढवाड्यातून आत आली.

"पुढच्या दारानं यायची बंदी हाय म्हणं," ती म्हणाली. "मागच्या बाजूचं कुणी कायबी बोललं न्हाई."

तिच्यामागून आणखी बाया आल्या. भिंत बायनाबाईनं बांधलीच नाही.

पुढच्या हिवाळ्यात गहिनीनाथनं अंबाजोगाईला तंबू ठोकून चित्रपट दाखवला. घाटनांदुरात तंबू लावायला सुंदररावांनी जागा मिळू दिली नव्हती, तरी बायनाबाई मुंजाजीच्या बायकोला, ताराबाईला, घेऊन बैलगाडीनं गेली. पडद्यावर ती स्वतः आली, पुरुषभर उंच, उन्हात. सगळा तंबू ओरडला.

"बया, तूच की गं!" ताराबाईनं तिचा दंड धरला.

बायनाबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "मी हाय ते दिसतंय. बैल लई वाळलेला दिसतोय. घरी गेल्यावर पेंड वाढवली पाहिजे."