तेहतीसवर लावलेलं गाणं

गेल्या पन्नास वर्षांत कुंडलमधली एकही पोरगी त्या गाण्याशिवाय सासरी गेलेली नाही. थोडं वाढवून सांगतोय. दोघी-तिघी गेल्या, पण त्या पळून गेल्या होत्या.

गाणं इंग्रजी. आवाज पुरुषाचा, आडातून आल्यासारखा खोल. मागं ताल असा, की म्हाताऱ्या बैलानं एकेक पाऊल विचार करून टाकावं. शब्द कुणालाच कळत नव्हते, त्यामुळं कुणाचं काही अडत नव्हतं. नवरी जीपमध्ये बसली की मी, म्हणजे चांदसाहेब मुलाणी, लाऊडस्पीकरवाला, ती तबकडी लावायचो आणि सगळा मांडव मुसमुसायला लागायचा. आप्पासो पैलवानाचा खांदा फडात निखळला तेव्हा त्यानं हूं की चूं केलं नव्हतं. तोच आप्पासो पोरीच्या पाठवणीला इतका रडला, की फेटा पिळून दोरीवर वाळत घालावा लागला. दोन दिवस वाळत होता.

तबकडीच्या मधोमध माझा कागद होता: 'मुलाणी लाऊडस्पीकर, कुंडल. नंबर २७.' आमच्या धंद्यात सगळेच असा कागद लावायचे. पलूसच्या स्पीकरवाल्यानं मशीनवर वाकून बघितलं तरी रेकॉर्ड कुणाची हे त्याला कळता कामा नये. कळलं तर आठवड्यात तो तीच आणणार. मैद्याची खळ करून कागद चिकटवला की तो जन्माचा बसतो. मला स्वतःलाही काही तबकड्यांवर काय आहे ते वाजवल्याशिवाय सांगता यायचं नाही. ही मात्र यायची.

आता अर्शियाचं सांगतो. अर्शिया माझी नात, थोरल्याची मुलगी. कुपवाडला एका कारखान्यात तयार झालेले नट-बोल्ट मापात आहेत की नाहीत हे बघण्याचं काम करते. अर्ध्या केसाएवढा फरक असला तरी माल बाजूला काढते. सुट्टीच्या दिवशी हीच नजर ती गाण्यांना लावते. कुणी विचारत नाही अशी जुनी गाणी शोधायची. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं सोल, फंक, सुरुवातीचं हिप-हॉप. कुणी गायलं, कुठं गायलं, वाजवणारे कोण, हे सगळं शोधायचं आणि 'अडगळीतला आवाज' नावाच्या आपल्या चॅनेलवर टाकायचं. महिन्यातून एका रविवारी सांगलीत एक छोटा हॉल घेऊन ती चाळीस-पन्नास लोकांना गाणी ऐकवते. मी एकदा गेलो होतो. एक बाई मांडी घातल्या घातल्या नाचत होती. ही विद्या मी अजून शिकतोय.

गेल्या वर्षी अर्शियानं माझं मशीन गोणपाटाखालून काढलं आणि सत्तावीस नंबर ऐकला. तबकडी उचलून उजेडात धरली. मग म्हणाली, "दादा, ही तबकडी मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची दिसतीय. मधलं भोक केवढं मोठं आहे बघा. तुम्ही तेहतीसवर का लावताय?"

"भोकावर जाऊ नको गं, ही तेहतीसचीच हाय. वेगाचा खटका बी तेहतीसवरच अडकलाय. म्हातारं मशीन, म्हातारी तबकडी. दोघं मिळून हळूहळू चालत्यात."

"आणि मिळाली कुठनं?"

आता माणसानं विचारलं की उत्तर द्यावं लागतं. मी म्हणालो, "अमेरिकेचा एक मोठा गायक मोटारीनं कोल्हापूरला चालला होता. ताकारीजवळ मोटार बंद पडली. मी माझी बॅटरी लावून चालू करून दिली. आमच्या घरी मेथीची भाजी न् चार भाकरी खाल्ल्या गड्यानं, आन् जाताना ही दिली."

अर्शियानं गाणं फोनमध्ये भरून घेतलं आणि भाकरीसकट सगळं टाकलं. महिन्यात चाळीस हजार लोकांनी ऐकलं. तिच्याच कारखान्यात लेथवर काम करणाऱ्या ऋषिराजनं त्या चालीवर स्वतःचं रॅप रचलं, तेही चाललं. पुण्याच्या एका मंडळीनं तिला बोलावलं. जुन्या दुर्मिळ रेकॉर्डी ऐकवणारी ती मोठी मंडळी. जानेवारीत त्यांच्या कार्यक्रमात तिनं तासभर गाणी लावायची होती.

आणि मग सांगलीच्याच विश्वजीत नावाच्या माणसानं लिहिलं, 'असा गायक जगात कुठेही नोंदलेला नाही. गाणं संगणकाकडून बनवून घेतलंय, भाकऱ्याही त्यानंच भाजल्यात.' विश्वजीतकडं दोन हजार तबकड्या आहेत, लोक त्याचं ऐकतात. तीन दिवसांत बोभाटा झाला. पुण्याच्या मंडळीनं फार गोड शब्दांत कळवलं: रेकॉर्ड कुणाची, आली कुठून, हे रविवारपर्यंत सिद्ध करा, नाहीतर जानेवारीचं राहू द्या.

अर्शिया मंगळवारी कारखान्यातून थेट स्कूटीवर कुंडलला आली. डोक्याचा स्कार्फसुद्धा काढला नाही.

"दादा, खरं सांगा. ह्या वेळी गोष्ट नको."

"मोटार बंद पडली ती तर..."

"दादा!"

मी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आता लोक माझी बाकीची गाणीसुद्धा खोटी म्हणायला लागलेत," ती म्हणाली. "तीन वर्षं एकेक नाव चार ठिकाणी ताडून बघितल्याशिवाय मी टाकलं नाही. फक्त एकदाच ताडलं नाही. कारण सांगणारे तुम्ही होता."

माणूस बायकोपुढं, मौलवीपुढं, पोलीसपाटलापुढं खोटं बोलू शकतो. मी तिघांपुढं बोललेलो आहे. त्या दिवशी जमलं नाही. मी उठलो, मशीनच्या खटक्याखाली पन्नास वर्षांपूर्वी ठोकलेली बारीक लोखंडी चूक पकडीनं उपसून काढली आणि खटका पंचेचाळीसवर सरकवला.

म्हातारा बैल उधळला. ढोल नाही, दणादण ठेका. पिपाण्या अशा, की एकमेकींना चिमटे काढतायत. आणि पुरुष कुठला, बाईचा आवाज! तरणी, खणखणीत, भांडायला उभी राहिलेली बाई. अडीच मिनिटांत सगळा खेळ खलास. अर्शिया खाली जमिनीवरच बसली.

"ती नवऱ्याला घराबाहेर काढतीय," ती हळूच म्हणाली. "'तुझं बोचकं उचल आणि चालायला लाग,' असं गाणं आहे हे. तुम्ही पाठवणीला लावत होता?"

"शब्द कुणाला कळतायत?"

"पण हळू का, दादा? मुद्दाम?"

मग सांगितलं. आमच्या गावचा आकाराम फौजेत ड्रायव्हर होता. दिल्लीत कुणा परदेशी साहेबाचं सामान ट्रकमध्ये चढवताना साहेबानं त्याला अकरा तबकड्या देऊन टाकल्या. काळ्या ट्रंकेत घालून त्यानं त्या गावी आणल्या, पण वाजवायला मशीन नव्हतं. म्हणून स्वतःच्या लग्नात माझ्याकडं दिल्या. पुढच्या सुट्टीतही वाजवायला घेऊन आला आणि जाताना माझ्याकडंच ठेवून गेला. अकरांतली ही एक माझ्या मनात भरली. तिसऱ्या सुट्टीला त्याला सांगितलं, तेवढी फुटली. खताच्या जाहिरातीची एक तबकडी आपटून तिचे तुकडे दाखवले. वरचा कागद गेलेला, तुकड्यांवरून काय कळणार? बिचाऱ्यानं माझीच समजूत घातली. बाकीच्या दहा घेऊन गेला.

आता चोरलेलं गाणं गावात वाजवायचं कसं? नाव कागदाखाली झाकलं, पण आवाज कशाखाली झाकणार? म्हणून तेहतीसवर लावलं आणि खटक्याला चूक ठोकली. आकारामच्या बहिणीच्या पाठवणीला तो माझ्यापासून दहा हातांवर उभा होता. गाणं ऐकलं, डोळे पुसले आणि म्हणाला, "चांद, काय लावलंस रं! आतडं पिळवटलं."

अर्शियानं हे सगळं ऐकून एवढंच विचारलं, "आकाराम आजोबा कुठं आहेत?"

"गेला. अठरा वर्षं झाली. बायको हाय, अंबूबाई. वाईला ल्योकाकडं असती."

"मग चला."

"फोन करू की आधी..."

"फोनवर तुम्ही काय सांगाल मला माहीत आहे."

गुरुवारी तिनं रजा टाकली. कऱ्हाडला गाडी बदलली, साताऱ्याला बदलली, वाईला उतरलो. एवढ्या प्रवासात पोरगी माझ्याशी दोनदा बोलली. एकदा "तिकीट धरा", एकदा "उतरा".

अंबूबाईच्या ल्योकाचं घाटाजवळ वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, वर राहतात. अंबूबाई वाल सोलत बसली होती. सत्तरी ओलांडलेली, पण डोळा अजून तिखट.

"आवं चांदभाई! वाट चुकला का काय?"

"वैनी, एक सांगायचं हाय."

"सांगा की. तुमच्या सांगण्याला कवा तोटा हाय?"

मी सांगितलं. सरळ सांगितलं, कुठं मीठ-मिरची लावली नाही. तोंडाला सवय नसल्यानं दोनदा अडखळलो. अर्शियानं फोनवर गाणं लावलं, खऱ्या वेगाचं. अंबूबाईच्या हातातली शेंग हातातच राहिली. गाणं संपल्यावर तिनं ती सोलली, दाणे टाकले, मग बोलली.

"ह्याच गाण्यावर नाचायचं ते. लग्नात नाचले, दुसऱ्या सुट्टीला तुमच्या शेडात नाचले. मी दारात उभी राहून बघिटलं. फौजेतला माणूस, एरवी काठीवानी ताठ. तिसऱ्या सुट्टीला तुमी फुटकी तबकडी दावली. त्याच्यामागं बत्तीस वरसं जगले, पर पुन्हा न्हाई नाचले. मला वाटायचं, माझंच काय चुकलं."

मी खाली बघितलं. पायाखाली बघण्यासारखं काही नव्हतं, तरी बघितलं.

"आजी," अर्शिया म्हणाली, "तबकडी तुमचीच आहे, तुम्हाला द्यायला आणलीय. पण रविवारी सांगलीतल्या माझ्या कार्यक्रमात ती सगळ्यांपुढं एकदा वाजवली नाही, तर मी खोटी ठरते."

अंबूबाईनं तबकडी घेतली. माझ्या कागदावर गरम पाण्यात पिळलेलं फडकं ठेवलं, ते गार झालं की दुसरं. जन्माची खळ अर्ध्या तासात सुटली. खाली पिवळा कागद निघाला, त्यावर मुकुटाचं चित्र, गाणारीचं नाव अर्लीन टब्ज, गाव अमेरिकेतलं डेटन. आणि कडेला निळ्या शाईत: 'आकाराम, १९७३.' अंबूबाईनं त्या शाईवर बोट ठेवलं, पण टेकवलं नाही.

"रविवारी म्या बी येणार," ती म्हणाली. "तबकडी माझ्या पिशवीत येईल. ह्यांच्याकडं द्यायची न्हाई."

रविवारी चार वाजता सांगलीचा हॉल भरला. साठेक माणसं, शिवाय पुण्याची मंडळी फोनच्या पडद्यावर. अर्शियानं उधार आणलेल्या मशीनवर तबकडी पंचेचाळीसवर लावली. लोकांचे पाय हलायला लागले. संपल्यावर तिनं मायक्रोफोन घेतला आणि सांगितलं, "मी चुकीच्या वेगाचं गाणं आणि चुकीची माहिती टाकली होती. भाकरीची गोष्ट खोटी आहे. खरं काय ते दादा सांगतील."

मी सांगितलं. साहेबाचं सामान, अकरा तबकड्या, खताची जाहिरात, खटक्याखालची चूक, दहा हातांवर उभा राहून डोळे पुसणारा आकाराम. सगळं खरं. आणि हॉल हसायला लागला! आधी मागची रांग, मग सगळेच. एकानं टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतून विश्वजीत उठला, चष्म्याचा जाडजूड माणूस, डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाला, "काका, भाकरीपेक्षा ही गोष्ट शंभर पटीनं सरस आहे. पण लेबल छापून मिळतं आणि शाई बाजारात मिळते."

मी अर्शियाकडं बघितलं. ओठ घट्ट मिटून उभी होती. आयुष्यभर खोटं बोललो तेव्हा लोकांनी माना डोलावल्या. खरं बोललो तर टाळ्या. मी म्हणालो, "शपथ घेतो." लोक आणखी हसले.

तेव्हा अंबूबाई उठली. मायक्रोफोनची तिला गरज नव्हती.

"हसताय काय? ह्यो माणूस चोर हाय! माझ्या नवऱ्याची वस्तू ह्यानं चोरली न् पन्नास वरसं गावाला रडवलं. त्याच्या दुसऱ्या कुठल्या बोलण्यावर इस्वास ठिऊ नका, पर एवढं खरं हाय."

मागची रांग माना उंचावून बघायला लागली. तिनं पिशवीतून लग्नातला फोटो काढला. मांडव, मुंडावळ्या, शेजारी खाली मान घातलेली नवरी. आणि नवरदेव आकाराम एक तबकडी तोंडापुढं धरून तिच्या मोठ्या भोकातून एक डोळा मिचकावतोय. भोकाभोवती कागदावरचा मुकुट स्वच्छ दिसत होता. विश्वजीतनं फोटो उजेडात धरला, तबकडी शेजारी धरली. दोन वेळा बघितलं. फोटोच्या मागं छापलेलं पलूसच्या फोटोवाल्याचं नाव आणि साल वाचलं. मग फोनमध्ये कुठल्याशा यादीत अर्लीन टब्ज शोधली. यादीत एकच ओळ होती: अशी रेकॉर्ड निघाल्याचं बोललं जातं, प्रत कुणी पाहिलेली नाही.

"आता मी पाहिली," तो म्हणाला. अर्शियाकडं वळून पुढं म्हणाला, "माझं लिहिलेलं आज काढतो. आणि का काढलं ते पण लिहितो."

"पुन्हा लावा," अंबूबाई म्हणाली. पुन्हा लावली. ती नाचली नाही. फोटो मांडीवर धरून अडीच मिनिटं बसून राहिली.

जानेवारीत पुण्याला अर्शियाला बोलावलंय, अंबूबाईलाही बोलावलंय. तबकडी पिशवीत घालून ती वाईहून परस्पर जाणार आहे. मला कुणी बोलावलं नाही.

अर्शियानं गाणं नव्यानं टाकलंय, खऱ्या वेगाचं. खाली लिहिलंय: 'गायिका अर्लीन टब्ज, डेटन. तबकडी हवालदार आकाराम, कुंडल यांची. पन्नास वर्षं चोरून ठेवणारे: चांदसाहेब मुलाणी.' मी तिला म्हणालो, "बाळ, 'चोरून'च्या जागी 'जपून' लिही की. एका शब्दानं काय होतंय?"

"मला हरकत नाही, दादा. अंबूआजींना विचारा."

मी वाईला फोन लावला. सगळं नीट, गोडीत समजावून सांगितलं. मी नसतो तर ही तबकडी कधीच भंगारात गेली असती, आज जगात तिचं नाव झालं नसतं, वगैरे. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"न्हाई," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.